बालकांचे वाचादोष, वेळेवरची मदत आणि वर्णभेद : अमेरिकेच्या अनुभवाचा एक अभ्यास

प्रास्ताविक

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत लिहायचे म्हटले की वाचकांची अपेक्षा ठरलेली असते : सनावळ्या, सत्याग्रह, परिषदा, चळवळी. या वेळी आम्ही घेतलेला विषय वरकरणी या चौकटीत बसणारा नाही. अमेरिकेत ज्या लहान बालकांना ऐकू कमी येते, बोलणे उशिरा येते, बोललेले समजत नाही किंवा आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवता येत नाही, त्यांना मिळणाऱ्या मदतीत त्यांच्या वर्णामुळे किती अंतर पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तो निवडण्यामागे आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, दुसऱ्या एका गावी शिकवीत असताना, आमच्या पाचवीच्या वर्गात ऊसतोड कामगाराचा एक मुलगा होता. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर कारखान्यावर जाई आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येई. प्रश्न विचारला की तो आमच्या तोंडाकडे टक लावून पाही. उत्तर मात्र देत नसे. बोललाच तर शब्दांची शेवटची अक्षरे गळत. आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'आकलन कमी' असा शेरा लिहिला आणि त्याला मागच्या बाकावर बसवले. पुढे गावात कानांच्या तपासणीचे शिबिर झाले, तेव्हा कळले की तान्हेपणापासून त्याचे दोन्ही कान वाहत होते आणि त्याला अर्धेमुर्धेच ऐकू येत होते. आमच्या तोंडाकडे पाहून तो ओठांवरून शब्द ओळखत होता. मागच्या बाकावरून ते ओठही त्याला दिसेनासे झाले होते. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही.

त्या मुलाची जात, त्याची बोली, त्याच्या बापाचा व्यवसाय आम्हांला ठाऊक होता. आम्ही स्वतः वंचित समाजातून आलेलो असूनही, त्या माहितीच्या जोरावर त्याच्याविषयीचा निकाल आम्ही आधीच देऊन टाकला होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीय बालकांविषयीचे अभ्यास वाचू लागलो, तेव्हा आम्हांला जागोजागी तोच मागचा बाक दिसला.

शिवाय अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास आपल्याला परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ तेथील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या समाजाच्या लढ्याचे एक प्रकरण शाळकरी वयाच्याही आधी, पाळण्यापाशी सुरू होते. ते आपल्याकडे फारसे वाचले गेलेले नाही.

पहिल्या तीन वर्षांचे महत्त्व

संवादाचे दोष अनेक प्रकारचे असतात. कुणाला ऐकूच कमी येते. कुणाला ऐकू येते, पण शब्द आणि वाक्ये वयाच्या मानाने फार उशिरा जमतात. कुणाचे उच्चार घरच्यांनाही कळत नाहीत, तर कुणी अडखळत बोलते. स्वमग्नता, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात, त्या अवस्थेत शब्द असूनही दुसऱ्याशी देवाणघेवाण करणे अवघड जाते. या सर्वांत समान गोष्ट एकच : दोष जितका लवकर ओळखला जाईल तितका मदतीचा गुण अधिक येतो.

याचे कारण भाषा शिकण्याच्या रीतीत आहे. मूल सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरे जोडू लागते, वर्षाच्या आसपास पहिला शब्द काढते आणि दोन वर्षांचे होता होता 'आई ये', 'पाणी दे' अशी दोन शब्दांची जोडणी करते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. ज्याला ऐकूच येत नाही त्याची पहिली पायरी हुकते आणि मग पुढच्या सर्व हुकतात. म्हणूनच अमेरिकेत नवजात बालकांच्या श्रवणासाठी एक, तीन आणि सहा असा नियम सांगितला जातो : पहिल्या महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचारास आरंभ. बालकाच्या आयुष्यात सहा महिने म्हणजे मोठा काळ. वाया गेलेले वर्ष पुढे कितीही कष्ट घेतले तरी पूर्ण भरून निघत नाही.

कायद्याचा इतिहास

अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा हक्क ज्या लढ्यातून निघाला, त्याची मुळे वर्णभेदविरोधी चळवळीत आहेत. १९५४ साली ब्राऊन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तोच युक्तिवाद पुढे अपंग मुलांच्या पालकांनी उचलला. १९७२ साली वॉशिंग्टन शहरात निकाली निघालेल्या मिल्स खटल्यात ज्या मुलांच्या नावाने दावा होता ती सर्व कृष्णवर्णीय होती; वर्तन, मतिमंदत्व किंवा अन्य कारण दाखवून त्यांना शाळेबाहेर ठेवण्यात आले होते. पैसा अपुरा असल्याची सबब शिक्षण मंडळाने पुढे केली. न्यायालयाने उत्तर दिले की पैसा अपुरा असेल तर त्याची झळ सर्वांनी सोसावी; ती केवळ अपंग मुलांच्या वाट्याला लोटता येणार नाही. अशा निकालांच्या पाठबळावर १९७५ साली सर्व अपंग मुलांना मोफत व योग्य शिक्षण देणारा कायदा झाला.

१९८६ च्या दुरुस्तीने हा हक्क जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांपर्यंत नेण्यात आला. या व्यवस्थेला शीघ्र हस्तक्षेप असे नाव आहे. १९९० मध्ये मूळ कायद्याचे नाव बदलले आणि पुढे शीघ्र हस्तक्षेपाचा हा भाग 'पार्ट सी' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. डॉक्टर, शिक्षक, शेजारी किंवा स्वतः पालक यांपैकी कुणीही बालकाचे नाव कळवू शकतो. नाव आल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत तपासणी व्हावी आणि कुटुंबासाठी लेखी योजना तयार व्हावी, असा दंडक आहे. तपासणीसाठी पैसे घेता येत नाहीत. योजनेचा फेरविचार दर सहा महिन्यांनी होतो. मदत शक्यतो बालकाच्या घरी किंवा त्याच्या नेहमीच्या जागी द्यावयाची असते, जेणेकरून आईबापही ती पद्धत शिकतील. किती विलंब झाला म्हणजे बालक पात्र, हे मात्र प्रत्येक राज्य आपापले ठरवते.

कायद्याच्या मजकुरात वर्णाचा कोणताही भेद नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथेच सावध व्हावे लागते. कायद्यासमोरची समता आणि प्रत्यक्ष पदरात पडणारी समता यांतील अंतर आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मोजलेले आहे.

अंतर किती?

अमेरिकेत २००१ साली जन्मलेल्या हजारो बालकांचा देशभर मागोवा घेण्यात आला. त्या माहितीवर आधारलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की सुमारे १३ टक्के बालकांमध्ये मदतीस पात्र ठरावे इतका विकासविलंब होता. परंतु दोन वर्षांच्या वयात अशा बालकांपैकी केवळ दहा टक्क्यांच्या आसपास बालकांना मदत मिळत होती. म्हणजे व्यवस्था सर्वांनाच अपुरी पडत होती. त्यातही कृष्णवर्णीय बालकांना ती मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी होती.

२०११ मध्ये त्याच माहितीचा वर्णाच्या दृष्टीने अधिक बारकाईने अभ्यास झाला. नऊ महिन्यांच्या वयात गोऱ्या आणि काळ्या बालकांत मदतीच्या बाबतीत फरक आढळला नाही. दोन वर्षांच्या वयात मात्र कृष्णवर्णीय बालकांना मदत मिळण्याची शक्यता गौरवर्णीयांच्या तुलनेत पाचपटींनी कमी दिसली. या दोन वयांच्या मध्ये काय घडते? जी बालके जन्मतःच वैद्यकीय निदान झालेल्या आजारामुळे पात्र ठरली होती, त्यांच्यात वर्णाप्रमाणे फरक नव्हता. जी केवळ विकासाच्या विलंबामुळे, म्हणजे बहुधा बोलणे व समजणे मागे पडल्यामुळे पात्र ठरत होती, त्यांच्यात हे अंतर आठपटींवर गेले होते.

या निष्कर्षापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. रक्ताच्या चाचणीत किंवा क्ष-किरणात जो दोष दिसतो तेथे रंगाचा परिणाम दिसत नाही. 'हे मूल उशिरा बोलते आहे, याला पुढे पाठवू या' असे कुणीतरी माणसाने पाहून ठरवावे लागते, तेथे तो दिसू लागतो. यंत्राचा काटा संपून माणसाचा अंदाज जेथे सुरू होतो, नेमके तेथेच पूर्वग्रहाला दार उघडे मिळते. आमचा 'आकलन कमी' हा शेराही असाच एक अंदाज होता.

स्वमग्नतेच्या बाबतीत हेच चित्र अधिक ठळक आहे. फिलाडेल्फिया येथे सरकारी आरोग्य-साहाय्य घेणाऱ्या बालकांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गौरवर्णीय बालकांचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी, तर कृष्णवर्णीयांचे ७.९ व्या वर्षी झालेले आढळले. २००७ मधील पुढील अभ्यासात असे दिसले की पुढे स्वमग्न ठरलेल्या कृष्णवर्णीय बालकांना आधी 'वर्तनदोष' किंवा 'परिस्थितीशी जुळवून न घेणे' असे निदान मिळण्याची शक्यता जास्त होती. बोलता न येणारे गोरे मूल आजारी ठरत होते आणि तसेच काळे मूल हट्टी व दांडगे ठरत होते. २०२० मध्ये ५८४ कृष्णवर्णीय स्वमग्न बालकांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांच्या निदानाचे सरासरी वय सुमारे ६५ महिने, म्हणजे पाच वर्षांहून अधिक होते. आईबापांना पहिली शंका आल्यापासून निदानापर्यंत सरासरी तीन वर्षांहून अधिक काळ गेला होता. शीघ्र हस्तक्षेपाची मुदत तिसऱ्या वर्षी संपते. हक्क कागदावर होता, पण तो वापरण्याचे वय निदानाची वाट पाहण्यातच निघून गेले.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. कृष्णवर्णीय आईबाप बेफिकीर असतात, हा समज टिकत नाही. शंका त्यांना वेळेवर आली होती. त्यांनी ती बोलूनही दाखवली होती. ऐकून घेणारी बाजू कमी पडली.

विलंबाची कारणे

पहिले कारण दवाखान्याच्या दारातच आहे. ज्या कुटुंबाला नेहमीचा एकच बालरोगतज्ज्ञ परवडतो, त्याच्या मुलाची वाढ कुणीतरी सलग पाहत असते. ज्याला दर वेळी नव्या दवाखान्यात रांग लावावी लागते, त्याच्या मुलाचा खोकला तपासला जातो. त्याचे बोलणे तपासायला वेळ उरत नाही. विमा, वाहतूक, तासावर मिळणारी मजुरी आणि तपासणीच्या दिवशी बुडणारा रोज, ही सारी वर्णाशी जोडलेल्या गरिबीची अंगे आहेत.

दुसरे कारण 'थोडी वाट पाहू' हा सल्ला. मुलगे उशिराच बोलतात, घरात दोन भाषा आहेत, मोठी भावंडे त्याच्या वतीने बोलतात, असे सांगून आईला परत पाठवले जाते. हा सल्ला सर्वांनाच मिळतो. परंतु डॉक्टरशी वाद घालण्याची, दुसऱ्याचे मत घेण्याची सोय ज्याच्यापाशी असते तो त्यातून लवकर सुटतो.

तिसरे कारण अविश्वासाचे आहे आणि त्याला इतिहास आहे. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य-सेवेने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांच्या उपदंशाचा केवळ अभ्यास केला. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही. सरकारी माणूस घरी येऊन मुलाची तपासणी करणार म्हटल्यावर, ज्या समाजाने हे भोगले आहे त्याच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. ही तपासणी उद्या मूल काढून नेण्यासाठी वापरली जाईल, ही भीतीही त्यात असते.

चौथे कारण व्यवसायाच्या घडणीत आहे. अमेरिकेतील वाचा व श्रवणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेत वांशिक अल्पसंख्य समाजांतून आलेले सदस्य अलीकडेपर्यंत जेमतेम दहाव्या हिश्शाच्या आसपास राहिले आहेत. तपासणारा एका भाषिक जगातला आणि तपासले जाणारे मूल दुसऱ्या, अशी ही गाठ असते.

बोली की दोष?

हे चौथे कारण आपल्याला सर्वांत जवळचे वाटेल. कृष्णवर्णीय अमेरिकनांची इंग्रजी ही गुलामगिरीच्या काळात घडत गेलेली, स्वतःचे व्याकरण असणारी बोली आहे. कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ लोरेन्झो डाऊ टर्नर यांनी १९४९ मध्ये गल्ला बोलीतील आफ्रिकी भाषांचे अवशेष दाखवून दिले. विल्यम लॅबोव्ह यांनी पुढे शहरी बोलीचे नियम मांडले. या बोलीत 'शी वर्किंग' म्हणजे ती आता कामावर आहे आणि 'शी बी वर्किंग' म्हणजे ती नेहमी कामावर जात असते. प्रमाण इंग्रजी बोलणाऱ्याला दोन्ही वाक्ये चुकीची वाटतात. बोलणाऱ्याच्या लेखी मात्र त्यांत अर्थाचा नेमका भेद आहे.

अडचण अशी की प्रमाण इंग्रजी बोलणाऱ्या घरातले मूल वाक्यातले 'इज' किंवा क्रियापदाच्या शेवटचा 'स' गाळू लागले, तर ते भाषादोषाचे लक्षण मानले जाते. तोच नियम लावून काळ्या मुलाला तपासले की निरोगी मूल दोषी ठरते. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय मुले शाळकरी लोकसंख्येत सुमारे दहा टक्के होती, पण मतिमंदांसाठीच्या वर्गांत त्यांचा वाटा सुमारे पाव हिश्शाचा होता. लॅरी पी. या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी १९७९ मध्ये, अशा वर्गांत टाकण्यासाठी बुद्ध्यंकाच्या प्रचलित चाचण्या काळ्या मुलांवर वापरण्यास मनाई केली. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय मातांनी शिक्षण मंडळाला न्यायालयात खेचले होते; त्या खटल्याचा निकालही त्याच वर्षी लागला. त्यांच्या मुलांवर शिकण्यात अक्षम असल्याचे शिक्के मारले गेले होते. जिनीव्हा स्मिदरमन या कृष्णवर्णीय विदुषीने मातांच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून काम पाहिले. न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी आदेश दिला की मुलांची घरची भाषा ओळखण्याचे आणि तिचा विचार करून वाचन शिकवण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना द्यावे. बदल मुलांच्या जिभेपेक्षा शिक्षकांच्या कानात व्हायला हवा, असे या निकालाचे सार आम्हांला वाटते.

व्यवसायातही संघर्ष झाला. १९६८ च्या अधिवेशनात कृष्णवर्णीय वाचातज्ज्ञांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटनेला जाब विचारला. ऑर्लंडो टेलर त्यांत अग्रणी होते. १९७८ मध्ये त्यांची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९८३ मध्ये मूळ संघटनेने अधिकृतपणे मान्य केले की इंग्रजीची कोणतीही बोली हा भाषेचा दोष नाही. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे हॅरी सेमूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डेल्व्ह' या नावाची चाचणी तयार केली. बोलीनुसार बदलणाऱ्या गोष्टी बाजूला ठेवून, प्रश्न समजणे, प्रश्न विचारणे, गोष्ट सांगणे अशा सर्व बोलींत समान असलेल्या क्षमता ती तपासते.

येथे एक उलटी चूकही ध्यानात घ्यावी लागेल. 'ते लोक असेच बोलतात' या समजुतीपायी ज्या काळ्या मुलाला खरोखरच भाषादोष आहे, त्याच्याकडेही दुर्लक्ष होते. काही अभ्यासक म्हणतात, कृष्णवर्णीय मुलांना नको तितके विशेष वर्गांत ढकलले जाते. दुसरे म्हणतात, त्यांना हवी ती मदत मिळतच नाही. हा वाद अजून चालू आहे. आमच्या मते दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. मुलाची घरची भाषा न ओळखणाऱ्याला निरोगी मूल आणि दोष असलेले मूल यांतला फरकच कळत नाही. त्यामुळे तो कधी निरोग्याला शिक्का मारतो, तर कधी गरजवंताला परत पाठवतो.

आणखी एका प्रसिद्ध अभ्यासाचा उल्लेख येथे केला पाहिजे. हार्ट आणि रिस्ले यांनी १९९५ मध्ये असे मांडले की तीन-चार वर्षांच्या वयापर्यंत गरीब घरातल्या मुलाच्या कानावर सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. हा आकडा जगभर गाजला. पण अभ्यासातली कुटुंबे होती अवघी ४२. त्यांतील सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे होती सहा, आणि ती सहाही कृष्णवर्णीय. नंतरच्या संशोधकांनी दाखवले की आजी, मावशी, शेजारी आणि भावंडे यांचे बोलणे मोजले तर चित्र बरेच बदलते. सहा घरांवरून एका समाजाच्या मातृत्वावर शेरा मारला गेला. शेरा लिहिण्यापूर्वी किती पाहिले आणि काय पाहायचे राहिले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेहमी विचारले पाहिजे.

सुधारणेची दिशा

परिस्थिती जागच्या जागी राहिलेली नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००६ मध्ये शिफारस केली की शंका असो वा नसो, नऊ, अठरा आणि तीस महिन्यांच्या वयात प्रत्येक बालकाची विकासाची तपासणी ठरावीक प्रश्नावलीने करावी. प्रत्येकालाच तपासायचे ठरले की कुणाला तपासावे याचा अंदाज करावा लागत नाही, आणि पूर्वग्रहाचे एक दार बंद होते. २०२३ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत स्वमग्नतेचे निदान झालेल्या आठ वर्षांच्या मुलांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गौरवर्णीयांपेक्षा प्रथमच अधिक दिसले. विकार वाढला असे याचे मूळ नाही. पूर्वी नजरेतून सुटणारी मुले आता नोंदली जात आहेत, असा त्याचा अर्थ तज्ज्ञ लावतात. तथापि त्याच पाहणीत स्वमग्न कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे निम्म्यांना बौद्धिक अक्षमताही आढळली. गौरवर्णीयांत हे प्रमाण एकतृतीयांशाच्या आत होते. सौम्य लक्षणांची काळी मुले अजूनही सुटत असावीत आणि मदतीचा विलंब अजूनही संपलेला नाही, अशी शंका त्यामुळे घेतली जाते.

आपल्यापुरते

हा सारा इतिहास वाचून आपण काय घ्यावे? आपल्या देशात २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीसाठी येणे अपेक्षित आहे. पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष, वाचा व भाषा दोष आणि स्वमग्नता यांचा स्पष्ट समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाने वाक् व श्रवण दोषांची राष्ट्रीय संस्था आहे. सोय कागदावर आहे. ती पदरात पाडून घेण्यासाठी विचारणारा माणूस लागतो.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे. मूल मोठ्या आवाजाला दचकत नसेल, वर्षाचे होऊनही हाकेला वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द काढत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर 'याचे वडीलही उशिराच बोलले' या बोलण्यावर विसंबू नये. कान वाहत असेल तर तेल टाकून घरी बसू नये. आधी कान तपासून घ्यावेत आणि अंगणवाडी ताईंकडून पुढची चिठ्ठी मागून घ्यावी. डॉक्टरांनी 'वाट पाहा' म्हटले तर किती महिने, हे विचारावे आणि तितके महिने झाल्यावर पुन्हा जावे. मुलाशी घरच्याच बोलीत भरपूर बोलावे. गोरमाटी, गोंडी, कोरकू, वऱ्हाडी, अहिराणी, कोणतीही असो; बोलीमुळे मूल मुके राहत नाही.

आणि शिक्षक बांधवांना, ज्यांत आम्हीही आलो, एवढेच : निवासी शाळेत मूल रात्रंदिवस आपल्या नजरेसमोर असते. आईबाप दूर असल्याने त्याच्या वतीने शंका घेणारे दुसरे कुणी नसते. जे मूल उत्तर देत नाही, त्याला प्रथम पुढच्या बाकावर आणावे, त्याचे कान तपासून घ्यावेत, त्याची घरची भाषा कोणती ते विचारावे. त्यानंतरच प्रगतिपुस्तक उघडावे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज शिक्षक, परिचारिका, डॉक्टर किंवा आरोग्यसेवक आहेत, त्यांच्यासमोर दररोज अशी बालके येत असतील. आपल्यापैकी काहींनी वाचा व श्रवण उपचाराचे शिक्षण घ्यावे, अशीही आमची इच्छा आहे. आपल्या वस्त्यांची बोली जाणणारे तज्ज्ञ या क्षेत्रात हवे आहेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मातांनी, वकिलांनी आणि वाचातज्ज्ञांनी १९६८ पासून जे हळूहळू मिळवले, ते कुणी आपण होऊन दिलेले नव्हते. आमच्या वर्गातून निघून गेलेला तो मुलगा आज चाळिशीच्या आसपास असेल. त्याला कदाचित मुलेबाळेही असतील. ती शाळेत कुठल्या बाकावर बसतात, हे पाहणारा कुणीतरी तेथे असावा, यासाठी हा लेखनप्रपंच.